सीएसआरच्या पहिल्या बैठकीला जाताना

अगं, उद्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) पहिल्यांदा सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या, बैठकीला आपल्या संस्थेतर्फे जाते आहेस, तर एवढं मनात पक्कं कर: तू भीक मागायला जात नाहीयेस. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे आदल्या वर्षी नेट वर्थ (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतला एक जरी आकडा गाठला, तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्चायचे असतात.

कंपनी कायद्याने 'व्यक्ती' आहे. ती जमीन घेते, दावा लावते. संविधानाच्या कलम 14 मधली समानता तिलाही आहे, कारण तिथे शब्द 'व्यक्ती' असा आहे. भाषण, व्यवसाय अशा स्वातंत्र्यांचं कलम 19 मात्र नागरिकांचं, आणि कंपनी नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं. पुढे 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या निकालात भागधारकाला स्वतःच्या हक्कासाठी दाद मागता आली. हे दोन्ही निकाल सावकाश वाच. माझं स्पष्ट मत आहे, इतके हक्क घेणाऱ्याने शेजारच्या वस्तीचं देणं मानलंच पाहिजे.

गोवंडीत एका कंपनीने आम्हाला पाण्याची टाकी दिली होती. नावाची पाटी हातभर लांब, पण नळ कोरडा. जोडणीचा खर्च आमच्या अर्जातच नव्हता. बायका हंडे घेऊन आल्या, तशाच परत गेल्या. तेव्हा जोडणी, देखभाल, दुरुस्ती सगळं आधीच लिही. आणि संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (हा निधी घेणाऱ्या संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) सोबत ने, पहिल्यांदा तोच विचारतात.