शोधायचंय एक, वाचत बसते सगळंच

प्रश्न : एखादं साल किंवा नाव शोधायचं असलं तरी मी धडा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते नि अर्धा तास जातो. पटकन कसं सापडेल?

उत्तर : अहो, शोधणं वेगळं नि वाचणं वेगळं. आधी ठरवा काय हवंय आणि ते पानावर दिसेल कसं. साल हवं असेल तर फक्त आकडे टिपत खाली यायचं, अक्षरांच्या गर्दीत ते उठून दिसतात. नावाचं जरा अवघड, इंग्रजीत कॅपिटल अक्षरामुळे नाव चटकन दिसतं, आपल्या देवनागरीत ती सोयच नाही, मग डॉ., श्री. असलं काही दिसतंय का बघायचं. पुस्तकाच्या शेवटी सूची असेल तर आधी तीच, लोक ती उघडतच नाहीत!

पीडीएफ असेल तर सर्च मारा, पण अख्खा शब्द टाकू नका. ‘घोडा’ टाकलंत तर ‘घोड्याने’ सापडणार नाही, नुसतं ‘घोड’ टाका म्हणजे दोन्ही येतात. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफ असेल तर मात्र सर्च बऱ्याचदा चालत नाही.

नुसता सारांश हवा असेल तर मथळे, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि शेवटचा परिच्छेद, बास.

आणि हो, हवं ते सापडलं की तिथे थांबून ते वाक्य पूर्ण वाचा, कारण मराठीत ‘नाही’ अगदी शेवटी येतं, मी स्वतः त्यात एकदा तोंडघशी पडलोय.