दुसरं बाळ आल्यावर मोठीला वेळ कसा द्यायचा

अगं, बाळ आल्यावर मोठीला वेळ कसा देऊ विचारतेस ना, तर आधी ते रोज प्रत्येक मुलाला एक तास द्यायचा वगैरे डोक्यातून काढून टाक, नोकरी, डबे, सासूबाईंची औषधं, यातून कुठून आणणार तास? मी पण धाकटी झाल्यावर टाइमटेबल करून फ्रीजवर लावलेलं, चार दिवसांत त्यावर दुधाचा हिशोब लिहायला लागले.

वेगळा वेळ शोधू नकोस, जे काम करायचंच आहे त्यात एकालाच सोबत घे. माझा मोठा समोर बसवून विचारलं की "काही नाही" एवढंच बोलायचा, पण एका शनिवारी मेथी निवडताना, मान खाली घालूनच, देठ खुडत म्हणाला की व्हॅनमध्ये मला कोणी शेजारी बसू देत नाही. दीड महिना चाललेलं ते आणि मला पत्ताच नाही! हात कामात असले की पोरं बोलतात. धाकटीचं वेगळं, ती केसांना तेल लावताना सुटते, १० मिनिटं नुसती बडबड.

त्या वेळात मार्क, अभ्यास हा विषय काढायचा नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत. नवऱ्याला सांग दुसऱ्याला घेऊन खाली जा, नाहीतर ते मध्ये कडमडतंच (माझ्याकडे तर दोघंही कडमडायचे, नवरा धरून).

तुझी मोठी साडेतीन वर्षांची ना? मग बाळ झोपलं की लगेच भांड्यांकडे धावू नकोस, आधी १५ मिनिटं तिची, ती म्हणेल तो खेळ. भांडी राहू देत सिंकमध्ये, सासूबाई बोलल्या तरी.