‘सिंगल’च्या चौकटीत खूण करण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोल्हापूरला आईवडिलांच्या घरखर्चासाठी दरमहा पैसे पाठवत असल्यामुळे, अमेरिकेतले २०२५ सालचे प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ‘सिंगल’ (अविवाहित) ऐवजी ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’, म्हणजे कुटुंबप्रमुख, हा दर्जा घेता येईल का, असे तू विचारले आहेस. त्या दर्जाला प्रमाणित वजावट, म्हणजेच स्टँडर्ड डिडक्शन, २३,६२५ डॉलर आहे आणि सिंगलला १५,७५० डॉलर, हे पाहिल्यावर असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे तुला नीट कळावे अशी माझी इच्छा आहे.

घराचा भार उचलणारा तो कुटुंबप्रमुख, मग तो कोठेही राहत असो, असे आपण मानतो. अमेरिकी करकायदा तेवढ्यावर थांबत नाही. ज्यांचा भार तू उचलतोस ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी, अथवा कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. त्यामुळे कोल्हापूरच्या घराचा सगळा खर्च तू केलास, तरी आईवडील तुझ्यावर अवलंबून आहेत असे विवरणपत्रात दाखवता येत नाही आणि पाठवलेल्या पैशांवर वजावटही मिळत नाही. हे मनाला लागते, मी जाणतो. पण तुझ्या कर्तव्याचे मोल त्या कागदावर ठरत नाही.

त्याही आधीचा प्रश्न निवासाचा आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस, करापुरता तो निवासी की अनिवासी हे ठरवणाऱ्या मुक्कामाच्या मोजणीत धरत नाहीत, आणि वर्षातला थोडा काळ जरी येथे काढला तरी ते पूर्ण वर्ष गणले जाते. तू ऑगस्ट २०२२ मध्ये आलास. म्हणजे ही पाच वर्षे २०२६ अखेर संपतात. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी करत असलास तरी तुझा दर्जा अजून एफ-१च आहे, म्हणून करापुरता तू अनिवासी आहेस. तुझा फॉर्म अनिवासींसाठीचा १०४०-एनआर, आणि त्यावर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ हा पर्यायच नाही. पहिल्या वर्षी सहकाऱ्यांचे पाहून मी निवासी व्यक्तीचा १०४० भरला होता. पुढे १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म जोडून तो दुरुस्त करावा लागला आणि फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागली. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आता वजावटीकडे येतो, कारण तुझ्या खऱ्या हिताची गोष्ट येथे आहे. अनिवासी व्यक्तीला एरवी प्रमाणित वजावट मिळत नाही. परंतु १९८९ मध्ये झालेल्या भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते. तेव्हा १५,७५० डॉलर तुझ्या हक्काचे आहेत. ते घेतल्यावर राज्याचा प्राप्तिकर आणि देणग्या अशा खर्चांची स्वतंत्र यादी देता येत नाही, आणि तुझ्या उत्पन्नात ती यादी या रकमेच्या जवळपासही जाणार नाही. गावच्या देवळाला दिलेली देणगी तर तिच्यात बसलीच नसती, कारण त्यासाठी संस्था अमेरिकेत मान्यताप्राप्त असावी लागते.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची, जास्तीत जास्त २,५०० डॉलरची, वजावट मात्र वेगळी आहे आणि ती प्रमाणित वजावटीच्या जोडीने घेता येते. उत्पन्न ८५,००० डॉलरच्या पुढे गेले की ती कमी होत जाते आणि १,००,००० वर संपते. आजोबांकडून किंवा भावाकडून कर्ज घेतले असेल, तर त्याचे व्याज तिच्यात धरू नकोस. अशा जवळच्या नातेवाइकांचे कर्ज चालत नाही.

पगाराच्या पावतीवर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचे कर मिळून ७.६५ टक्के कापले गेले आहेत का, तेही पाहा. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याकडून ते कापायचे नसतात. कापले असतील तर आधी कंपनीकडे परतावा माग.

घरी तुझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, असेही तू लिहिले आहेस. वैवाहिक दर्जा ३१ डिसेंबरच्या स्थितीवरून ठरतो, म्हणून या डिसेंबरात लग्न झाले तर २०२६ च्या पूर्ण वर्षासाठी तू विवाहित ठरशील. तेव्हा ‘विवाहित, स्वतंत्र विवरणपत्र’ हा दर्जा घ्यावा लागेल आणि कर्जाच्या व्याजाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही. मुहूर्त यासाठी बदलू नये. रक्कम मात्र आधीच हिशेबात धरून ठेव. यंदाचे विवरणपत्र १५ एप्रिलपूर्वी पाठव आणि त्यासोबत, तुझे मुक्कामाचे दिवस मोजणीतून का वगळायचे हे सांगणारा फॉर्म ८८४३ जोडायला विसरू नकोस.

तुझा हितचिंतक