स्टेशनपासून दहा मिनिटं, पण कुणाची?

प्रश्न: ताई, मी कराडची, पुढच्या महिन्यात मुंबईत बीकेसीत (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला) जॉइन होतेय. मी आणि मैत्रीण मिळून ३० हजारापर्यंत भाडं देऊ शकतो. एजंट ठाण्याला घोडबंदर रोडवरचा टू बीएचके दाखवतोय, स्विमिंग पूल वगैरे आहे, म्हणतो स्टेशन दहा मिनिटं आणि मेट्रो तर येतेच आहे. दुसरा नवी मुंबईत जुईनगरला जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके, स्टेशनला चालत. घरचे म्हणतात मोठं घर घ्या. काय करू?

उत्तर: अगं, ती दहा मिनिटं एजंटची, पहाटे पाचला बाईकवर मोजलेली. माझा भाचा अगदी असाच फसला. घर बघायला गेला रविवारी दुपारी, रस्ता मोकळा, खूश होऊन तिथल्या तिथं टोकन देऊन आला. सोमवारी सकाळी स्टेशनला पोचायलाच पाऊण तास, आणि संध्याकाळी परत येताना ठाण्याला उतरून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर, बसची ही रांग, वरून पाऊस, छत्री उघडली की पुढच्या बाईच्या डोक्यात काडी. अकरा महिने झाले तसं पहिलं काम केलं ते घर सोडायचं. स्विमिंग पुलात एकदाही उतरला नाही गडी.

मी घर बघताना किलोमीटर विचारतच नाही, गाडी किती वेळा बदलायची ते विचारते. घोडबंदरहून तुला आधी बस नाहीतर शेअर रिक्षा, मग ठाण्याहून लोकल, मग कुर्ल्याला उतरून बीकेसीची बस नाहीतर रिक्षा. जुईनगर लोकलच्या हार्बर लाइनवर आहे, चालत स्टेशनला आलीस की एकच लोकल सरळ कुर्ल्याला. हार्बरला फास्ट गाड्या नाहीत हे खरं, पण अगदीच गर्दी असली तर दोन स्टेशनं पुढं वाशीला उतरायचं, तिथून काही लोकल सुटतात, त्यात बसायला मिळायचा चान्स असतो. कुर्ल्याला मात्र हार्बरचे प्लॅटफॉर्म ईस्टच्या बाजूला आणि बीकेसी वेस्टला, त्यामुळं पूल चढून पलीकडं जायचं, तेवढी मिनिटं धर. आणि बीकेसी काही एक बिल्डिंग नव्हे, ऑफिस नेमकं कुठल्या ब्लॉकला ते आधी विचार, काही ऑफिसं कुर्ल्यापेक्षा बांद्र्याहून सोपी पडतात.

येणाऱ्या मेट्रोचं भाडं आत्तापासून भरू नकोस बाई. मेट्रो ३ चंच बघ, किती वर्षं रस्ते खणलेले, आरे ते बीकेसी सुरू झाली २०२४ च्या ऑक्टोबरात आणि कफ परेडपर्यंत जायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. जी आज धावतेय तीच मेट्रो धर. म्हणजे घाटकोपरला बजेटमध्ये एखादी खोली मिळाली तर मेट्रो १ नं मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ नं बीकेसी, हेही होतं, फक्त लोकलच्या पासच्या मानानं रोजचं तिकीट महाग पडतं, ते भाड्यातच मिळवून बघ.

आता कागदाचं. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, असलं तरी रजिस्टर व्हायलाच पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो म्हणेल नोटरी करू, चालतंय सगळ्यांचं. नको म्हणून सांग. आणि टोकन द्यायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः भेट, एकट्या मुली चालतात का, रात्री यायच्या वेळेवरून कटकट आहे का, कारण एजंट याला "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणतो आणि सामान आल्यावर वॉचमन गेटवर अडवतो.

घरच्यांना म्हणावं, मोठ्या घरात राहायला वेळ तर मिळायला हवा, सकाळी सातला निघून रात्री नऊला आलं की टू बीएचके काय नि खोली काय. मला विचारशील तर जुईनगर. पण माझ्यावरही विसंबू नकोस, मंगळवार-बुधवारी सकाळी साडेआठला त्या बिल्डिंगच्या गेटपासून घड्याळ लावून चालत निघ आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा, मैत्रिणीलाही ने. पावसाळ्यात जाणार असलीस तर चांगले बूट घालू नकोस, कुर्ल्याला पाणी साचतं.