हेलिकॉप्टरच्या इंजिनाला पंखा जोडला की टर्बोप्रॉप झालं?

प्रश्न असा आहे: हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) 2018 मध्ये एचटीएसई-1200 हे हेलिकॉप्टरचं इंजिन चालवून दाखवलं, मग त्यालाच पंखा (प्रोपेलर) जोडून, म्हणजे टर्बोप्रॉप करून, एचटीटी-40 या आपल्याच ट्रेनर विमानात का बसवत नाहीत? इंजिनासाठी अमेरिकेच्या हनीवेलकडे कशाला जायचं?

पहिलं म्हणजे मापच जुळत नाही. हे इंजिन 1200 किलोवॅटचं, म्हणजे सोळाशे अश्वशक्तीच्या आसपास. एचटीटी-40 चं काम साधारण साडेनऊशेत भागतं. अ‍ॅक्टिव्हाला बुलेटचं इंजिन बसवण्यातली गत.

कल्पना मात्र खुळचट नाही. टी700 हे जनरल इलेक्ट्रिकचं हेलिकॉप्टरचं इंजिन, त्याच्याच गाभ्यातून सीटी7 टर्बोप्रॉप निघालं. अडतं ते गिअरबॉक्सला. हेलिकॉप्टरचा मोठा गिअरबॉक्स हेलिकॉप्टरवाला करतो, इंजिनवाल्याच्या गळ्यात तो नसतो. टर्बोप्रॉपमध्ये तो इंजिनाचाच भाग, आणि पंख्याची सगळी ओढ तोच सोसतो. डॉर्नियर विमानावरचं टीपीई331 हे टर्बोप्रॉप घ्या: आतला शाफ्ट मिनिटाला 41,730 फेरे घेतो, पंखा 1,591. सव्वीस पट उतार, तोही मांडीवर मावेल एवढ्या डब्यात!

वागळे इस्टेटमध्ये मी सोळा वर्षं गिअर ग्राइंडिंगवर होतो. आमचे गिअर साध्या कन्व्हेअरचे. तरी हीट ट्रीटमेंटहून परत आलेला गिअर कधी सरळ असेल तर शपथ. दातांना निळा रंग लावून जोडी फिरवायची आणि डाग कुठे उमटतो ते बघायचं. मधोमध आला तर चहा, कडेला गेला तर पुन्हा मशीनवर. एकदा अख्खी बॅच कडेला गेली आणि त्या आठवड्यात सुपरवायझर कुणाशीच धड बोलला नाही. कन्व्हेअर थांबला तर माल अडतो, एवढंच. विमानात काय होईल ते सांगायला नको.

शिवाय इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याला आडवी राहून चालत नाही, लगेच धारेवर वळावी लागतात. ते नियंत्रण वेगळं, त्याच्या चाचण्या वेगळ्या.

‘सरकारी कंपनी म्हणून रखडलं’ असं इथे दोघांनी लिहिलंय. चेकोस्लोव्हाकियाचा वॉल्टर कारखानाही सरकारीच होता. त्यांचं एम601 पहिल्यांदा चाललं 1967 मध्ये. ज्या एल-410 या छोट्या प्रवासी विमानासाठी ते होतं, ते विमान 1969 मध्ये उडालं कॅनडाचं पीटी6 लावून, कारण घरचं इंजिन तयार नव्हतं. पण त्या इंजिनाची वाट बघणारं विमान होतं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पुढे एम601 त्यात बसलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

आपल्याकडे नेमकं तेच नाही. एचटीटी-40 साठी 88 इंजिनांचा करार 2022 मध्येच झालाय, ती जागा भरली. जागा शोधायचीच तर ‘सरस’ या आपल्या छोट्या प्रवासी विमानाच्या आकाराच्या विमानात शोधा. त्याच्या दुसऱ्या नमुन्यावर प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची दोन पीटी6 होती. तिथे हे इंजिन जरा दमानं चालवलं तरी पुरेल.