लॉन्ड्री बेसमेंटात हलवायची का? न्यू जर्सीतल्या एडिसनच्या वाचक ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात असं, की बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई-बाबा पुढच्या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी येणार, फुल बाथ फक्त वर आणि मध्ये १४ पायऱ्या. म्हणून किचनशेजारची लॉन्ड्री बेसमेंटात टाकायची आणि ती खोली शेजारच्या हाफ बाथला (नुसतं टॉयलेट आणि बेसिन) जोडून खाली शॉवर करायचा. कोटेशन १८,५०० डॉलर, त्यात लॉन्ड्री हलवायचे ७,००० आणि बाथचे ११,५००. सेव्हिंग ३१,०००, क्रेडिट कार्डावर ६,२०० थकलेत २४ टक्क्यांनी, आणि नवरोबा म्हणतायत की हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून मिळणारं कर्ज, काढू.

माझं स्पष्ट मत सांगतो, शॉवर कराच, पण लॉन्ड्री हलवू नका.

का ते सांगतो. बाबांना शॉवर हवाय, बेसमेंटातली लॉन्ड्री तुमच्या घरात कुणालाच नकोय, ती फक्त जागा मोकळी करायला चाललीये आणि त्यासाठी ७,००० जातायत. तुमचे वॉशर-ड्रायर फ्रंट लोड आणि एकाच कंपनीचे आहेत असं लिहिलंयत ना, मग त्या मॉडेलचं स्टॅकिंग किट घेऊन एकावर एक चढवा, कोपऱ्यात अडीच बाय तीन फुटात बसतात. खोली ६ बाय ८ ची आहे, ३ बाय ३ चा शॉवर आरामात निघतो. फक्त मशीनचे आउटलेट शॉवरपासून किती लांब हवेत आणि जीएफसीआय (ओल्या जागी शॉक टाळायला वीज आपोआप तोडणारं आउटलेट) कुठे लागेल हे इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासून घ्या, टाउनशिपचं परमिट काढूनच काम करा.

शिवाय ते ७,००० तेवढ्यावर थांबणार नाहीत. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात सुअर पाइप, म्हणजे सांडपाण्याचा मुख्य पाइप, बेसमेंटच्या भिंतीतून छातीएवढ्या उंचीवर बाहेर जातोय, म्हणजे खाली जे लॉन्ड्री सिंक बसवणार त्याचं पाणी पंपाशिवाय वर चढणार नाही, आणि कोटेशनमध्ये पंपाचा उल्लेखच नाहीये. ड्रायरची गरम हवा बाहेर नेणाऱ्या व्हेंटचंही तसंच, बिल्डिंग कोडप्रमाणे त्या नळीला साधारण ३५ फुटांची मर्यादा आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट कमी, तुमची जागा तर मागच्या कोपऱ्यात.

आणि पाणी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या रात्री आमच्या बेसमेंटात फ्लोअर ड्रेनमधून काळं पाणी उलटं वर यायला लागलं, मी आणि बायको बादल्या घेऊन पहाटेपर्यंत उपसत होतो, ड्रायर गेलाच. साध्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं पाणी धरत नाहीत, सुअर बॅकअपसाठी, म्हणजे असं उलटं येणाऱ्या सांडपाण्यासाठी, वेगळं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) घ्यावं लागतं, ते माझ्याकडे नव्हतं आणि सगळा खर्च खिशातून गेला. तुमच्या पॉलिसीत ते आहे का ते आजच बघा, लॉन्ड्री कुठेही असो.

आता पैसे. कार्ड आधी फेडा, उद्याच, कारण त्यावर वर्षाला दीड हजाराच्या आसपास नुसतं व्याज जातंय. मग हातात २४,८०० राहतात. तुम्ही महिन्याला १,८०० बाजूला टाकता, काम एप्रिलमध्ये काढलंत तर तोपर्यंत आठ महिन्यांचे १४,४०० होतील, एकूण ३९,२००. त्यातून बाथचे ११,५०० दिलेत तरी २७,७०० उरतात, म्हणजे तुमच्या महिन्याला ६,८०० खर्चाच्या हिशोबाने चार महिन्यांचा खर्च. आजच सगळं काम केलंत तर १२,५०० उरतील, दोन महिनेसुद्धा नाहीत आणि कार्ड तसंच डोक्यावर.

हे चार महिने मी धरून बसलोय कारण तुम्ही दोघं एचवनबीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, आहात, नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांचाच ग्रेस पिरियड मिळतो आणि हेलॉकचा हप्ता मात्र चालूच राहतो, तोही बदलत्या व्याजदराने आणि घर तारण ठेवून. नवरोबांना हे शांतपणे समजावा, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

वाचलेल्या पैशातून आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स जरा बरा घ्या, आधीच्या आजारांचं काय धरतात ते नीट वाचून, गुडघ्याचं तर विचाराच. आणि कॉन्ट्रॅक्टरला सांगा की शॉवरला उंबरा नको, टाइल लावायच्या आधीच भिंतीत लाकडाचा आधार घालून हँडल पक्कं बसवा, नंतर भिंत फोडून बसवायला दुप्पट त्रास होतो.