सत्तेचाळीस चिठ्ठ्या आणि एक पाकीट

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या बडोद्यातल्या फतेहगंजच्या घरात वरच्या मजल्यावर सेनेगलचा एक मुलगा भाड्याने राहतो, इथे शिकायला आलाय, आणि त्याच्या देशात तीनशेच्या आसपास राजकीय पक्ष नोंदलेले आहेत. तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी दुसरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. जे मला नीट माहीत आहे तेवढंच सांगते.

ताई, तीनशे पक्ष म्हणजे नुसता गोंधळ. आपल्या गुजरातमध्ये दोन-तीन पक्ष आहेत तरी डोकं फिरतं. तिथे माणूस मत देतो तरी कसा? (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

सर, मलाही अगदी हेच वाटायचं, म्हणून एका रविवारी त्या मुलाला खाली चहाला बोलावलं आणि विचारलं, तर तो म्हणाला आंटी एक जुनं पाकीट द्या आणि रफ वही द्या. लग्नपत्रिकेचं एक रिकामं पाकीट होतं ते दिलं. त्याने वहीची पानं फाडून एकसारखे तुकडे केले आणि आमच्या डायनिंग टेबलवर ओळीने मांडायला लागला, टेबल भरलं, मग दोन खुर्च्या भरल्या, मग कुकरच्या झाकणावर पण चार ठेवले. सत्तेचाळीस तुकडे. म्हणाला २०१७ च्या संसदेच्या निवडणुकीत आमच्याकडे सत्तेचाळीस याद्या उभ्या होत्या आणि मतदानकेंद्रात टेबलं अशीच दिसत होती.

तिथे मशीन नाहीये आणि आपल्याकडे पूर्वी असायची तशी सगळ्या चिन्हांची एक लांब मतपत्रिका पण नाही. प्रत्येक यादीची वेगळी छापील चिठ्ठी. मतदार ओळखपत्र दाखवतो, पाकीट घेतो, चिठ्ठ्या उचलतो, पडद्याआड जातो, एक चिठ्ठी पाकिटात घालतो, बाकीच्या टाकून देतो आणि पाकीट पेटीत. चिठ्ठ्या एकाहून जास्त का उचलायच्या, तर एकच उचलली की बाहेर बसलेल्याला कळतं तुम्ही कोणाचे. पण सत्तेचाळीस उचलायच्या तर संध्याकाळपर्यंत रांगच संपणार नाही, म्हणून त्या वर्षी तिथल्या घटना परिषदेने परवानगी दिली की किमान पाच उचला, चालेल.

आता तुमचा मुद्दा. तीनशे पक्ष असले तरी तीनशे याद्या येत नाहीत, कारण बहुतेक पक्ष आघाडी करून एका नावाखाली उभे राहतात, आणि हे ते हौसेने करत नाहीत, मोजणीची पद्धतच त्यांना एकत्र आणते. संसदेत १६५ जागा. त्यातल्या ११२ जिल्ह्यांतून येतात (परदेशात राहणाऱ्यांच्या १५ त्यातच धरलेल्या) आणि ५३ देशभरच्या एकूण मतांच्या प्रमाणात वाटतात. मतदाराचं मत एकच, पण ते दोन्हीकडे मोजलं जातं. जिल्ह्याचा नियम कडक आहे, ज्या यादीला एक मत जास्त तिला त्या जिल्ह्याच्या सगळ्या जागा. याला तिथे वोलोफ भाषेत ‘रौ गाद्दू’ म्हणतात, जो पुढे गेला त्याने सगळं उचललं. राजधानी डकारच्या जिल्ह्याच्या सात जागा आहेत. २०१७ मध्ये विरोधक एकत्र राहिले नाहीत, डकारचे तेव्हाचे महापौर खलिफा साल यांची आघाडी वेगळी आणि माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांची वेगळी, आणि सत्ताधारी आघाडी अगदी थोड्या मतांनी पुढे राहून सातच्या सात घेऊन गेली. २०२२ ला विरोधकांच्या दोन आघाड्यांनी आपसात ठरवलं की जिथे ज्याचा जोर तिथे दुसऱ्याने त्याला मदत करायची. त्या वेळी डकारच्या सातही जागा विरोधकांच्या.

आणि त्या ५३ जागांमुळे लहान पक्ष जिवंत राहतो. एकूण मतांना ५३ ने भागायचं, जो आकडा येईल तितक्या मतांना एक जागा, आणि शेवटी ज्या जागा उरतात त्या ज्याची बाकी मोठी त्याला. म्हणजे कुठल्याच जिल्ह्यात जिंकला नाही तरी देशभर थोडी थोडी मतं जमवलेला पक्ष एक माणूस संसदेत पाठवू शकतो. २०२२ मध्ये असे तीन आले, तीन याद्यांचे एकेक. त्यातल्या एकाची गोष्ट खाली येतेच आहे.

इतके पक्ष निघालेच कसे? कोणी अडवत नाही? (बी.ए.ची विद्यार्थिनी, सयाजीगंज)

अडवून झालंय. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या काळात एकच पक्ष उरला होता, मग १९७६ मध्ये घटना बदलून तीन पक्षांना परवानगी दिली, पण विचारसरणी सरकारने ठरवून दिलेली, एकाने समाजवादी लोकशाहीवादी व्हायचं, एकाने उदारमतवादी, एकाने मार्क्सवादी. विचार कर, पक्ष तुझा आणि विचार काय ठेवायचा ते सरकार सांगणार. १९८१ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष अब्दू दियुफ यांनी ही मर्यादा काढली आणि तेव्हापासून पक्ष वाढत गेले.

अलीकडे दुसरी चाळणी आली. २०१८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला मतदारयादीतल्या किमान ०.८ टक्के लोकांच्या सह्या आणाव्या लागायला लागल्या. २०१९ मध्ये चाळणीतून फक्त पाच उमेदवार राहिले. पश्चिम आफ्रिकी देशांच्या एकोवास या संघटनेच्या न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की हा नियम निवडणूक लढवायच्या हक्काच्या आड येतो. मला स्वतःला ते पटतं. चिठ्ठ्या जास्त झाल्या तर टेबल मोठं करावं, उभं राहणाऱ्याला घरी बसवू नये.

लहान पक्षाला मत म्हणजे मत पाण्यात, असं आमच्या घरी सगळे म्हणतात. तिथेही तसंच असेल ना? (वाघोडिया रोड)

नाही हो, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण ही समजूत मला खरंच खुपते.

सेनेगलमध्ये राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. २००० च्या पहिल्या फेरीत दियुफ पहिले, सुमारे ४१ टक्के, वाद दुसरे, ३१ टक्के, आणि तिसरे मुस्तफा नियास, जवळपास १७ टक्के. नियास यांचा पक्ष वर्षभरापूर्वी काढलेला. पण दुसऱ्या फेरीत त्यांनी वाद यांना पाठिंबा दिला आणि वाद ५८ टक्क्यांवर गेले, स्वातंत्र्यापासून चाळीस वर्षं चाललेली एका पक्षाची सत्ता मतपेटीतून गेली, दियुफ यांनी हार मान्य केली, रक्त सांडलं नाही. तिसऱ्या नंबरची मतं पाण्यात गेली असं कोण म्हणेल?

शेजारचं नाही पण त्याच किनाऱ्यावरचं घाना घ्या. तिथे दोन मोठे पक्ष, एनपीपी आणि एनडीसी, बाकीचे अगदी बारीक. २००८ च्या पहिल्या फेरीत एनपीपीचे नाना आकुफो-आडो ४९.१३ टक्क्यांवर अडकले, एनडीसीचे मिल्स ४७.९२ वर, आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या जुन्या सीपीपी पक्षाचे न्दुओम यांना मिळाले १.३४ टक्के. आता बघा, पन्नास गाठायला आकुफो-आडोंना एक टक्का पण नको होता. दुसरी फेरी झाली, तरी निकाल लागेना, शेवटी तैन नावाच्या एका मतदारसंघात २ जानेवारी २००९ ला मतदान उरकलं आणि मिल्स ५०.२३ टक्क्यांनी आले, फरक देशभरात ४० हजारांच्या आसपास. मला माहितीये न्दुओम यांचे मतदार दुसऱ्या फेरीत कुठे गेले ते कोणी सांगू शकत नाही, पण ते दीड टक्कासुद्धा नसलेले लोक आणि बाकीच्या बारीक पक्षांचे मतदार पहिल्या दिवशी आपल्या मनातल्या पक्षाला मत द्यायला उभे राहिले म्हणून दुसरी फेरी झाली, एवढं नक्की.

घरच्यांना हे वाचून दाखवा.

आघाडी म्हणजे बाजार. आज इकडे, उद्या तिकडे. तुम्ही त्याचं कौतुक करताय का? (संतापून लिहिणारे एक काका, मांजलपूर)

काका, बाजाराचं कौतुक मी करत नाही. सेनेगलमध्ये पण लोक याला नाव ठेवतात आणि नाव फार बोलकं आहे, फ्रेंचमध्ये ‘त्रांझ्युमांस’. गुराखी उन्हाळ्यात चारा संपला की गुरं दुसऱ्या कुरणावर नेतात ना, त्याला हा शब्द. आपल्याकडे आयाराम गयाराम, तिकडे गुरांचं स्थलांतर. कायदा पण आहे, त्यांच्या घटनेच्या ६० व्या कलमाप्रमाणे ज्या पक्षातून निवडून आला त्याचा राजीनामा दिला की खासदारकी जाते.

पण आता २०२२ चा निकाल बघा. तेव्हाची सत्ताधारी आघाडी ‘बेन्नो बोक्क याकार’ ८२, विरोधी ‘येव्वी अस्कान वी’ ५६, वाद यांची ‘वाल्लू’ २४, आणि ते तीन एकटे. बेरीज १६५, बहुमत ८३. एक जागा कमी. त्या तिघांतले एक पाप दिओप, पूर्वी डकारचे महापौर आणि संसदेचे अध्यक्ष राहिलेले, निवडणुकीत ते स्वतःच्या ‘बोक्क गिस गिस’ पक्षाच्या यादीवर आले होते, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सत्ताधाऱ्यांना साथ दिली. झाले ८३. कलम ६० इथे लागतच नाही कारण त्यांनी पक्ष सोडला नाही, पक्ष त्यांचाच होता, तो ते बरोबर घेऊन गेले.

माझं मत इथेच आहे. मतदानाआधीची आघाडी ही मतदाराची असते, चिठ्ठीवर नाव छापलेलं असतं, पटलं तर पाकिटात घाला नाहीतर टाकून द्या. निकालानंतरची आघाडी नेत्यांची असते, तिथे मतदाराला कोणी विचारत नाही. तुमच्या वयाच्या लोकांना १९७५ आठवत असेल, गुजरातमध्ये बाबूभाई जशभाई पटेल यांचं जनता मोर्चा सरकार आलं ते चिमणभाई पटेलांच्या किमलोप पक्षाच्या टेक्यावर, ज्या चिमणभाईंना वर्षभरापूर्वी नवनिर्माण आंदोलनाच्या पोरांनी मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवरून उतरवलं होतं. त्या पोरांना काय वाटलं असेल? डकारच्या मतदारालाही तसंच वाटायचा हक्क आहे.

आणि आघाडीत लहान पक्षाचं स्वतःचं काय होतं तेही सांगते, कारण तुमच्या पत्रात ते नाहीये. नियास यांचंच घ्या. वाद यांच्याकडे ते पंतप्रधान झाले, वर्षभरात पद गेलं. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅकी साल यांना साथ दिली, संसदेचे अध्यक्ष झाले, दहा वर्षं राहिले. पण त्यांच्या पक्षाने आपला उमेदवार न देता साल यांनाच पुढे पाठिंबा द्यायचं ठरवलं, ज्यांना ते पटलं नाही ते बाहेर पडले, आणि सेंघोर-दियुफ यांचा समाजवादी पक्षसुद्धा त्याच आघाडीत गेला आणि २०१९ ला त्याचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारच नव्हता. एवढा जुना पक्ष! घरटं मोठं मिळालं आणि उडायचं विसरले, याचं मला वाईट वाटतं.

या नावांचा अर्थ काय? उच्चारताना जीभ अडकते. (कारेलीबाग)

बेन्नो बोक्क याकार म्हणजे एकजुटीने एकच आशा. येव्वी अस्कान वी म्हणजे लोकांना मोकळं करा. वाल्लू म्हणजे वाचवा, मदत करा. वाद यांची २००० ची घोषणा होती ‘सोपी’, बदल. सगळं वोलोफ, कारण फ्रेंच कागदावर राहते आणि सभेत लोक वोलोफच बोलतात.

आता तर म्हणे एकाच पक्षाने सगळं जिंकलं. मग आघाड्या संपल्या? (रावपुरा)

पास्तेफ म्हणताय तुम्ही. उस्मान सोन्को यांचा पक्ष, २०२३ मध्ये सरकारने बरखास्त केलेला. सोन्को स्वतः उभे राहू शकले नाहीत म्हणून त्यांचे सहकारी बासिरू दियोमाय फाय उभे राहिले, तुरुंगातून १४ मार्च २०२४ ला सुटले आणि २४ मार्चला ५४ टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत राष्ट्राध्यक्ष. पण चिठ्ठीवर पास्तेफचं नाव नव्हतं, आघाडीचं होतं, ‘दियोमाय प्रेसिदां’, आणि त्या वाईट दिवसांत बरेच लहान पक्ष आणि नेते त्या नावामागे उभे राहिले होते. मग १७ नोव्हेंबर २०२४ ची संसदेची निवडणूक आली आणि पास्तेफ एकट्याने उतरला, १६५ पैकी १३०. रौ गाद्दूची कमाल. तेव्हा जुन्या सोबत्यांपैकी काहींना वाटलं की गरज होती तेव्हा आपण आणि आता दार बंद. आणि संपलं म्हणावं तर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच दियोमाय आघाडीचं प्रमुखपद कोणाकडे, यावरून राष्ट्राध्यक्ष फाय आणि पास्तेफ उघडपणे समोरासमोर आले. फाय यांनी आयदा म्बोज यांना काढून आमिनाता तुरे यांना नेमलं आणि पक्षाने ते मानलं नाही. म्हणजे आघाडी संपली असती तर तिच्यासाठी भांडले कशाला असते?

ताई, त्या मुलाने स्वतः कोणाला मत दिलं होतं? (नाव नाही, फक्त प्रश्न)

मी विचारलं नाही. पण त्या रविवारी टेबलवर चिठ्ठ्या मांडून झाल्यावर त्याने पाच उचलल्या, आमच्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड करून एक पाकिटात घातली, चिकटवलं, आणि मग उरलेले सेहेचाळीस तुकडे गोळा करून माझ्या हातात दिले. नुसत्या खेळात पण त्याने आम्हाला दिसू दिलं नाही.